गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला पळण्याआधी हे तपासा

स्टेअरिंग सरळ धरलं आहे, रस्ताही सरळ आहे, तरी गाडी हळूहळू डावीकडे निघाली आहे. हात जरा सैल पडला की साईडपट्टी जवळ येते. असं झालं की बहुतेक जण थेट अलाइनमेंटच्या दुकानात जातात. पैसे भरून बाहेर पडतात आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा तिकडेच ओढू लागते. दुकानदाराने फसवलं असं नव्हे. बहुतेक छोट्या गाड्यांना अलाइनमेंटमध्ये, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, पुढच्या चाकांचा फक्त ‘टो’ (चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलता येतो, आणि पुढच्या टोमुळे गाडी सहसा ओढतच नाही. म्हणजे जे बिघडलंच नव्हतं ते दुरुस्त करून घेतलेलं असतं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. घरी फुकटात तपासता येतं ते आधी आणि मशीनवरचं काम शेवटी. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून बघायची. हवा, टायर, अलाइनमेंट एकाच दिवशी केलंत तर गाडी कशामुळे सुधारली ते कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ओढू लागली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी नेमकं काय होतंय ते ठरवा

‘गाडी ओढते’ या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळी दुखणी मावतात. मिस्त्रीला नुसतं एवढंच सांगितलं तर तो त्याच्या अंदाजाने काम करणार. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं आधी स्वतः शोधा.

गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं का? मग ते ओढणं नाही, तो टोचा किंवा मागच्या चाकांच्या दिशेचा प्रश्न आहे. गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भटकते का? तर सांधे सैल असण्याची शक्यता जास्त. स्टेअरिंग थरथरतं का? तो बॅलन्सिंगचा, वाकलेल्या रिमचा किंवा रिमच्या आतल्या चिखलाचा विषय. आपल्या कोल्हापूर भागात पन्हाळा, राधानगरीकडची तांबडी माती पावसाळ्यात रिमच्या आत जाऊन वाळली की थरथर हमखास येते. प्रेशरने पाणी मारून रिम आतून धुतला तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

खरं ओढणं म्हणजे गाडी दर वेळी एकाच बाजूला जाते आणि तिला सरळ ठेवायला हाताला सतत थोडा जोर द्यावा लागतो. ते कधी होतं हेही बघा: कायम, फक्त ब्रेक दाबल्यावर, फक्त ॲक्सिलरेटर जोरात दिल्यावर, की वळण घेतल्यानंतर काही वेळ. या चार ‘कधी’ची उत्तरं चार वेगळ्या ठिकाणी सापडतात.

रस्ता दोषी आहे का?

पावसाचं पाणी साचू नये म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेकडे उतार दिलेला असतो, मीटरला साधारण दोन ते अडीच सेंटीमीटर. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे चांगली गाडीही हलकेच डावीकडे सरकते. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दुभाजकामुळे दोन्ही बाजूंचे रस्ते वेगळे असले तरी पाणी बाहेरच्या कडेलाच काढलेलं असतं, तेव्हा तिथेही कल डावीकडेच मिळतो.

उताराची खात्री करायला बाटलीभर पाणी पुरे. गाडी सुरक्षित जागी बाजूला लावा, रस्ता मोकळा आहे हे बघून थोडं पाणी डांबरावर ओता आणि ओघळ कुठे जातो ते बघा. ओघळ झपाट्याने डावीकडे पळाला तर त्या रस्त्यावरच्या निकालावर विश्वास ठेवू नका.

चाचणीला सपाट, सरळ आणि रिकामा रस्ता हवा. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले आतले रस्ते कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बरे पडतात. गळिताच्या हंगामात महामार्गावर आणि गावरस्त्यांवर हा प्रयोग करूच नका, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागेपुढे तिकडे जागाही नसते आणि लक्षही राहत नाही. वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर ठेवा. स्टेअरिंग सोडायचं नाही. दोन्ही हातांची बोटं नुसती टेकवून ठेवायची आणि गाडी किती अंतरात किती सरकते ते बघायचं. मग त्याच रस्त्यावरून उलट दिशेने या. जाताना डावीकडे आणि येतानाही तेवढीच डावीकडे सरकत असेल तर उतार आणि बिघाड दोन्ही शक्य आहेत, दुसरा सपाट रस्ता शोधा. पण गाडी उजवीकडे, म्हणजे उताराच्या विरुद्ध चढावर जात असेल तर रस्त्याला दोष देता येणार नाही. गाडीतच काहीतरी आहे.

वाऱ्याचाही विचार करा. उंच गाडीला आडव्या वाऱ्याचा रेटा चांगलाच जाणवतो.

हवा

सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना हवा मोजा. चालवून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो आणि उन्हात उभ्या गाडीचीही एक बाजू तापलेली असते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, तो भरायचा नाही.

चारही चाकं एकाच मीटरने मोजा. पंपावरच्या मीटरमध्ये २–३ पीएसआयचा फरक असला तरी चालेल, कारण आपल्याला डाव्या-उजव्यातला फरक हवा आहे. पुढच्या दोन चाकांत ४–५ पीएसआयचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. ते चाक दबतं, जड फिरतं आणि गाडीला आपल्याकडे घेतं. मागच्या चाकातली कमी हवा तेवढी ओढत नाही, पण गाडीचा माग डळमळीत करते.

हवा सारखी केली आणि गाडी सरळ झाली, तरी काम संपलं असं समजू नका. आठवड्याने पुन्हा मोजा. तेच चाक पुन्हा उतरलेलं असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, मग टायरमध्ये खिळा शोधा.

टायरची अदलाबदल: सगळ्यात जास्त सांगणारी तपासणी

या तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि खर्च काही नाही. तरीही हीच सगळ्यात जास्त टाळली जाते.

आधी डोळे आणि तळहात. टायरच्या भिंतीवर फुगा आहे का बघा. फुगा दिसला तर पुढची तपासणी थांबवा आणि टायर बदला, असा टायर कधीही फुटतो. मग तळहात टायरच्या घसटीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो. तारा निसटल्या असतील, कापलेलं असेल तर काळजी घ्या आणि हात सावकाश फिरवा. पुढचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, साधारण सारख्या झिजेचे आहेत का, हेही बघून घ्या. एक नवा आणि एक गुळगुळीत अशी जोडी पुढे असेल तर ओढण्याला तेवढंच कारण पुरतं. पंक्चर झाल्यावर लावलेली स्टेपनी तशीच राहिली असेल तर आधी ती काढा. काही गाड्यांची स्टेपनी आकाराने अरुंद असते.

आता न दिसणारा दोष. टायर बनवतानाच आतल्या पट्ट्या किंचित एका बाजूला बसल्या तर टायर वरून गोल दिसला तरी आतून निमुळता असल्यासारखा वागतो. तळाशी निमुळता असलेला पाण्याचा पेला टेबलावर आडवा करून ढकलून बघा, तो सरळ जात नाही, वळतो. टायरचंही तसंच. नव्या कोऱ्या टायरमध्येही हा दोष असू शकतो, म्हणून ‘टायर तर कालच टाकलेत’ हे उत्तर पुरेसं नाही.

अदलाबदलीची पद्धत अशी. गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. चाक जमिनीवर असतानाच नट एक चतुर्थांश फेरा सैल करा. जॅक गाडीच्या तळाला खाच किंवा खूण असलेल्या जागीच लावा. चाक काढलं की स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवा, जॅक सुटला तर गाडी तिच्यावर बसेल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नका.

पुढचं डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावा. नट आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्या. पाना पायाने दाबून नट आवळू नका, स्टड ताणला जातो. आता त्याच रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालवा.

गाडी आता उलट बाजूला ओढते? दोष टायरचा. ओढणं थांबलं? तरी टायरच. दोषी टायर मागे टाका किंवा बदला. ओढणं जसंच्या तसं त्याच बाजूला? पुढचे टायर निर्दोष, पुढच्या पायरीकडे जा.

टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका. त्याऐवजी त्याच बाजूचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे करा, तेही एका वेळी एकाच बाजूचं. मात्र मागच्या-पुढच्या चाकांचा आकार सारखा हवा.

ब्रेक: दोन उलटी लक्षणं

इथे गोंधळ हमखास होतो, म्हणून नीट बघू.

ब्रेक न दाबताही गाडी कायम ओढत असेल आणि कारण ब्रेक असेल, तर *ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा* ब्रेक अडकून राहिलेला असतो. गाडी फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर बहुतेक वेळा *विरुद्ध बाजूचा* ब्रेक कमी लागत असतो. ब्रेक दाबल्यावर उजवीकडे जाते, म्हणजे उजवा ब्रेक काम करतोय आणि डावा मागे राहतोय. नवखा माणूस उजवं चाक उघडून बसतो आणि तिथे त्याला काही सापडत नाही.

अडकलेला ब्रेक उष्णतेवरून पकडतात. सपाट रस्त्यावर ८–१० किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गाडी वेग कमी होत होत आपोआप थांबू द्या. उतरून लगेच पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. रिमला हात लावायचा नाही, दोन-तीन बोटं अंतरावर धरायचा. एका चाकातून धग येते आणि दुसरं जेमतेम कोमट असेल, तर अडकलेला ब्रेक सापडला. जळका, आंबूस वासही त्याच चाकाशी येतो. तापमान मोजायची गन असेल तर दोन्ही बाजूंना डिस्कवर एकाच जागी रोखा. चकचकीत धातूवर ती आकडा चुकीचा दाखवते, पण दोन्हीकडे चूक सारखीच होते, त्यामुळे फरक खरा मिळतो. चाळीस-पन्नास अंशांचा फरक असेल तर शंकेला जागा नाही. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

ही चाचणी पन्हाळ्याहून किंवा गगनबावड्याकडचा घाट उतरून आल्यावर करू नका. तेव्हा दोन्ही ब्रेक तापलेलेच असतात आणि काहीच कळत नाही. रंकाळ्याभोवतीच्या गर्दीत ब्रेक मारत मारत आल्यावरही नाही.

आता ते चाक जॅकवर उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा (मागच्या चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक आहेच) आणि हाताने फिरवा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड किंचित घासल्याचा सर्र आवाज येणं योग्यच आहे. ढकलल्यावर चाक एक-दीड फेरा फिरून थांबलं तर ठीक. दोन हातांनी ओढावं लागलं तर अडकलेलं आहे. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच फिरवून तुलना करा, तुलनेशिवाय अंदाज फसतो.

अडकण्याची कारणं तीन. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना गंजल्या किंवा त्यांचं ग्रीस धुतलं गेलं; कॅलिपरचा पिस्टन गंजून परत मागे जात नाही; किंवा ब्रेकचा रबरी होजपाईप आतून सुजला, म्हणजे दाबाने ऑइल आत जातं पण परत यायला वाट मिळत नाही. तिन्हींतलं कोणतं, हे ओळखायला मिस्त्रीला एक सोपी गोष्ट करायला सांगा: चाक घट्ट असताना कॅलिपरचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) क्षणभर उघडा. ऑइल फसकन बाहेर आलं आणि चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडलेला होता, होजपाईप आणि मास्टर सिलिंडर बघा. चाक तरी घट्टच राहिलं तर पिना किंवा पिस्टन. पिना असतील तर त्या साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं चेसिस ग्रीस रबर फुगवतं आणि पिना पुन्हा अडकतात.

कोल्हापूरकरांना एक जास्तीचं सांगायला हवं. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या सेकंडहँड बाजारात फिरत असतात. पाणी उतरल्यावर इंजिन आणि सीट साफ होतात, पण कॅलिपरच्या पिना, मागचे ड्रम आणि चाकांचे बेअरिंग पुष्कळदा कोणी उघडतच नाही. अशी गाडी घेतली असेल आणि ती ओढत असेल तर चारही ब्रेक उघडून घ्या. नेहमीच्या पावसाळ्यातही हँडब्रेक ओढून आठ-दहा दिवस उभी राहिलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला चिकटतात.

आणखी एक लक्षण फसवं आहे. ब्रेक दाबला की एका बाजूला झटका, सोडून ॲक्सिलरेटर दिला की उलट बाजूला, आणि मध्ये खालून ‘टक’ असा आवाज. हा ब्रेकचा दोष नसून लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचा, बुश (रबरी सांधा) फाटलेला असतो. ब्रेकच्या जोराने चाक मागे सरकतं, दिशा बदलतं, आणि जोर गेला की परत येतं.

साईडपट्टी आणि डावं चाक

आपल्याकडच्या एकेरी गावरस्त्यांवर डाव्या चाकाचे हाल होतात. समोरून भरलेली उसाची ट्रॉली आली की डावं चाक साईडपट्टीवर उतरवावं लागतं. पट्टी खचलेली असेल तर चाक वीतभर खाली जातं. परत वर येताना डांबराच्या तुटक्या कडेवर टायरची भिंत, रिम आणि लोअर आर्म यांना एकाच वेळी फटका बसतो. करवीर, शिरोळ, हातकणंगले भागात रोज फिरणाऱ्या गाडीचं ओढणं डावीकडे असेल तर ही शंका आधी घ्यावी.

चाकाला मागे ढकलणारा फटका बसला की लोअर आर्म वाकतो किंवा त्याचा बुश दबतो आणि चाक काही मिलिमीटर मागे जातं. त्याने ‘कॅस्टर’ (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. घरी हे असं मोजा: स्टेअरिंग सरळ, गाडी सपाट जमिनीवर. पुढच्या चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत टेप धरा. डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर लिहून घ्या. दोन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्यातही येतो, पण १० मिलिमीटरच्या वर फरक दोन-तीनदा मोजूनही कायम राहिला तर चाक सरकलेलं आहे. चाकाच्या कमानीत टायरच्या पुढची आणि मागची मोकळी जागाही दोन्ही बाजूंना बोटांनी ताडून बघा, फरक असेल तर बोटांना लगेच कळतो.

सांध्यांची ढिलाई बघायला चाक उचला आणि वर-खाली, घड्याळाच्या १२ आणि ६ वर हात धरून हलवा. हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाकडचा भाग लोअर आर्मला जोडणारा गोल सांधा). दोघांतला फरक काढायला कोणाला तरी आत बसून ब्रेक दाबायला सांगा: हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट. मग ३ आणि ९ वर हात धरून हलवा, तिथली ढिलाई बहुतेक टाय रॉड एंडची किंवा रॅक एंडची (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकांची) असते. बॉल जॉइंट ढिला निघाला तर गाडी चालवणं थांबवा. तो निसटला की चाक आडवं होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणताही लोखंडी भाग प्रेसवर सरळ करून मिळतो आणि तिथल्या हातांचं कसब वादातीत आहे. तरीही वाकलेला लोअर आर्म, टाय रॉड किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) सरळ करून लावू नका. वाकून सरळ झालेल्या लोखंडात बारीक चीर राहू शकते, आणि ती दिसत नाही. हे भाग नवेच घालायचे.

गाडीची उंचीही मोजा. चाकाच्या केंद्रापासून कमानीच्या वरच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, गाडी रिकामी असताना. दीड सेंटीमीटरचा फरक असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा मोडलेली असू शकते. मोडलेली स्प्रिंग बहुतेक वेळा सर्वात खालच्या वेटोळ्याला तुटते आणि वाटीत लपते, टॉर्च लावून बघा.

पिकअप आणि छोटे टेम्पो

पाट्याच्या स्प्रिंगवर असलेल्या गाड्यांत एक वेगळं कारण सापडतं. मागच्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले की ॲक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो. मागून बघितलं तर गाडी तिरकी चाललेली दिसते. वर दिलेली टेपची मोजणी इथे सगळ्यात उपयोगाची आहे. यू-बोल्ट नुसते आवळून भागणार नाही, सेंटर बोल्ट बदलून ॲक्सल जागेवर आणावा लागतो. बोजा एका बाजूला लादला असेल तर गाडी त्या बाजूला झुकून ओढेल, त्यामुळे तपासणी रिकाम्या गाडीवरच करा.

आता अलाइनमेंट

इथपर्यंत सगळं ठीक निघालं किंवा दुरुस्त झालं की मगच मशीनवर जा. सैल सांध्यांच्या गाडीचं अलाइनमेंट दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंतच टिकतं.

तीन कोन समजून घ्या. *टो* म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. पुढचा टो बिघडला तरी गाडी चालू लागल्यावर दोन्ही चाकं तो फरक आपापसात वाटून घेतात. गाडी सरळ जाते, स्टेअरिंग वाकडं राहतं आणि टायर झिजतात. *कॅम्बर* म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक आत किंवा बाहेर कललेलं असणं. काठीने टायर पळवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, टायर ज्या बाजूला कलतो तिकडेच वळतो. जे चाक वरून जास्त बाहेर कललेलं, त्या बाजूला गाडी ओढते. *कॅस्टर* म्हणजे बाजूने पाहिल्यावर स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा.

रिपोर्टवर प्रत्येक आकडा हिरवा असला तरी गाडी ओढू शकते, कारण मर्यादा प्रत्येक चाकाची वेगळी बघितली जाते. तुम्ही डाव्या-उजव्यातला फरक बघा. समजा डाव्याचा कॅम्बर उणे ०.२ अंश आणि उजव्याचा उणे १.० अंश आहे. दोन्ही मर्यादेत असतील, पण फरक ०.८ आहे आणि गाडी डावीकडे जाणार, कारण डावं चाक तुलनेने बाहेर कललेलं आहे. कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाच्या वर फरक दिसला की त्याचा माग काढा. काही मशीन दशांशात आणि काही अंश-मिनिटांत आकडे देतात. ६० मिनिटांचा एक अंश, तेव्हा ०.५० म्हणजे ३० मिनिटं. हा फरक वाचताना चुका होतात.

दुकानात तीन गोष्टी मागून घ्या. कॅस्टर मोजायला स्टेअरिंग दोन्हीकडे ठरावीक अंशात फिरवावं लागतं, घाईत हे टाळलं जातं, ते करायला सांगा. टो लावताना दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवायचे, नाहीतर स्टेअरिंग वाकडं येतं. मागच्या चाकांचे आकडेही छापून घ्या. मागच्या दोन्ही चाकांची दिशा तिरकी असेल तर गाडीचं बूड एका बाजूला राहतं आणि पुढे कितीही दुरुस्ती केली तरी ओढ जात नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे एकसंध बीम असते, तिथे जुळवणीची सोय नसते. आकडा बिघडला म्हणजे बीम वाकलेली आहे किंवा तिचे बुश गेलेत.

कॅम्बर-कॅस्टर जुळवायची सोय नसलेल्या गाडीत ते आकडे बिघडले असतील तर काहीतरी वाकलं आहे किंवा पुढची क्रॉसमेंबर (इंजिनखालचा आडवा सांगाडा) जागची सरकली आहे, एवढंच मशीन सांगू शकतं. ‘होऊन जाईल’ म्हणत बोल्टची भोकं मोठी करायला निघालेल्या माणसाला थांबवा.

स्टेअरिंगचेच दोष

डावं वळण घेतल्यावर थोडा वेळ डावीकडे आणि उजवं घेतल्यावर उजवीकडे ओढ राहत असेल तर शॉकॲबच्या वरचं बेअरिंग जाम झालं आहे किंवा स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट अडकतो. बॉनेट उघडून एकाने स्टेअरिंग फिरवावं, दुसऱ्याने शॉकॲबच्या माथ्यावर हात ठेवावा. स्प्रिंग पिळून ‘टण्’ करत सुटते ते हाताला जाणवतं.

फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ओढणं हे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत थोड्या प्रमाणात असतंच, दोन्ही बाजूंचे शाफ्ट कमी-जास्त लांबीचे असतात म्हणून. ते पूर्वीपेक्षा अचानक वाढलं तर इंजिनचे माउंटिंग बघा.

पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचलून इंजिन सुरू केल्यावर स्टेअरिंग आपोआप फिरू लागलं तर पॉवर स्टेअरिंगचा दोष आहे. ऑइलच्या स्टेअरिंगमध्ये व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रिकमध्ये टॉर्क सेन्सर. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरी काढल्यावर किंवा रॅकचं काम झाल्यावर स्कॅनरने शून्य बिंदू पुन्हा बसवावा लागू शकतो. हे घरी करायचं काम नाही.

मिस्त्रीकडे जाताना

एका कागदावर एवढं लिहून न्या: कोणत्या बाजूला, कधी, किती वेगात, चारही चाकांची हवा, टायर बदलून बघितल्यावर काय झालं, कोणतं चाक तापलं, डावीकडचं आणि उजवीकडचं चाकांतलं अंतर. काम झाल्यावर बदललेला जुना भाग परत मागा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, रिकामी गाडी दोन्ही दिशांनी चालवून बघा, शक्य असेल तर मिस्त्रीला शेजारी बसवून. चाकं काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.